पश्तेल द नाता घरी करताना: पारी गार, ओव्हन कडकडीत

पोर्तुगालचा कस्टर्ड टार्ट, म्हणजे पश्तेल द नाता, घरी करून पाहिलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. तळ कच्चा राहिला. कस्टर्ड फाटून भुर्जीसारखं झालं. नाहीतर वरचे ते काळपट डाग पडलेच नाहीत, टार्ट पिवळाच राहिला. विचारत गेलं की बहुतेकांचं साहित्य बरोबर निघतं आणि गडबड सापडते ती गारठ्यात आणि आचेत. पारी ओव्हनमध्ये जाईपर्यंत गार राहिली पाहिजे आणि ओव्हन जितका तापू शकतो तितका तापलेला पाहिजे. खालची प्रत्येक पायरी याच दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे, म्हणून क्रम बदलू नका.

लिस्बनमधल्या बेलें भागातल्या एका जुन्या दुकानाच्या टार्टलाच पश्तैश द बेलें म्हणतात आणि ती कृती त्यांनी गुप्त ठेवली आहे. आपण करतो तो नाता, पोर्तुगालभर बेकऱ्यांत मिळतो तो.

आधी वेळ ठरवा

एका दुपारीत उरकायचा हा पदार्थ नाही. पीठ आणि लोण्याचे थर आदल्या संध्याकाळी करा, गुंडाळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कस्टर्ड, पाऱ्या आणि भाजणं मिळून दोन-अडीच तास लागतात. एप्रिल-मे महिन्यात थर लावायचं काम रात्री उशिरा नाहीतर पहाटे करा. भर दुपारी ३५ अंशांच्या स्वयंपाकघरात लोणी तुमचं ऐकणार नाही.

साहित्य (१२ टार्टसाठी)

पारीसाठी:
- मैदा २०० ग्रॅम
- मीठ अर्धा चमचा
- गार पाणी ११० ते ११५ मिली
- बिनमिठाचं बटर १५० ग्रॅम

कस्टर्डसाठी:
- फुल क्रीम दूध २५० मिली
- मैदा २५ ग्रॅम
- साखर १७५ ग्रॅम
- पाणी ९० मिली
- अंड्यातले पिवळे बलक ५
- दालचिनीचा बोटभर तुकडा
- लिंबाच्या सालीच्या दोन पातळ पट्ट्या

वरून भुरभुरायला दालचिनीची पूड आणि पिठीसाखर.

वजनकाटा घ्या. वाटी-चमच्यांच्या मापात मैदा सहज २०-३० ग्रॅम इकडेतिकडे होतो आणि तेवढ्यानं कस्टर्डची खीर तरी होते नाहीतर लापशी.

आता बदलांबद्दल, कारण पहिली चूक इथेच होते. तूप चालत नाही. बटरमध्ये थोडं पाणी असतं, भट्टीत त्याची वाफ होते आणि ती वाफ पदर उचलते. तुपात पाणी नसल्यामुळे पदर उचलले जात नाहीत, पारी खुसखुशीत नानकटाईसारखी होते. घरचं लोणीही नको. त्यात ताकाचा अंश बराच राहतो आणि किती ते दर वेळी वेगळं असतं, पीठ ओलं होऊन चिकटतं. पोळीला लावायचं खारं बटर वापरलं तर टार्ट खारट होतो.

साखर कमी करू नका. गोड नको म्हणून साखर निम्मी करणारे खूप आहेत. वरचे डाग पडण्यात साखरेचा मोठा वाटा आहे आणि बलकाला फाटू न देण्याचं कामही तीच करते. गोड कमी हवं असेल तर एक कमी खा.

नाता या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ साय. म्हणून काही जण दुधाऐवजी क्रीम ओततात. फुल क्रीम दूध पुरतं, क्रीमनं कस्टर्ड जड होतं.

लिंबाची साल काढताना वरचा रंगीत पापुद्राच घ्या. आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं असतं. सोलाणं जरा जोरात फिरलं की खालचा पांढरा भाग येतो आणि कस्टर्ड कडवट होतं.

साचे धातूचे हवेत, वर साधारण ७ सेंमी रुंद आणि अडीच सेंमी खोल. पातळ ॲल्युमिनियम किंवा स्टीलचे टार्टचे साचे उत्तम, नसतील तर धातूचा मफिन ट्रे. सिलिकॉनमधून पारीला आच पोचत नाही. कागदी कप तर मुळीच नकोत.

पायरी १: पीठ

मैद्यात मीठ मिसळून थोडं थोडं पाणी घाला. पीठ पोळीच्या कणकेइतकं मऊ आणि हाताला किंचित चिकटणारं हवं. गोळा एकजीव झाला की थांबा, मळत बसू नका. फार मळलं की पीठ रबरासारखं होतं आणि लाटताना मागे मागे येतं. झाकून अर्धा तास बाजूला ठेवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये.

खूण: बोटानं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की पीठ लाटायला तयार.

पायरी २: लोण्याचे थर

ज्यांनी चिरोटे केले आहेत त्यांना ही पायरी ओळखीची वाटेल. चिरोट्यात पोळ्यांना साटा लावून गुंडाळी करतो आणि काप पाडतो, इथेही तेच. साट्याच्या जागी नुसतं बटर, एवढा फरक. चिरोट्याची सवय असलेल्यांनी बटरमध्ये तांदळाचं पीठ फेटायचा मोह टाळा.

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. सुरीनं पसरलं जावं, पण सुरी तिरकी धरली तर घसरून पडू नये. चकाकी आली, कडेला तेल दिसू लागलं, तर ते फार मऊ झालं. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. याचे तीन वाटे करा: ६०, ६० आणि ३० ग्रॅम.

पहिली घडी: ओटा पिठीनं नीट भुरभुरून पीठ साधारण २५ × ४० सेंमी लाटा. ६० ग्रॅम बटर लांबीच्या दोन तृतीयांश भागावर पसरा, कडेनं बोटभर जागा सोडून. मोकळा तिसरा भाग बटर लावलेल्या मधल्या भागावर घाला, मग उरलेला भाग त्यावर. पत्र तिहेरी घडी करून पाकिटात घालतो तसं. वरची जास्तीची पिठी कोरड्या ब्रशनं झाडून टाका, कारण ती आत राहिली की पदर एकमेकांपासून सुटून कोरडे होतात. झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास.

दुसरी घडी: गठ्ठा काटकोनात फिरवा, म्हणजे उघड्या कडा तुमच्याकडे आणि समोर येतील. परत २५ × ४० लाटा, दुसरे ६० ग्रॅम बटर, परत तिहेरी घडी, परत अर्धा तास गारठा.

जपा: लाटताना बटर बाहेर डोकावलं तर त्यावर चिमूटभर पिठी टाका आणि सगळं ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवा. तसंच लाटत राहिलात तर बटर पिठात मुरतं आणि पदर संपतात. उलट बाजूनं, फ्रिजमधून काढल्या काढल्या लाटलं तर आतलं बटर तुकड्या-तुकड्यांनी फुटतं. पाच मिनिटं बाहेर ठेवून मग लाटणं लावा.

पायरी ३: गुंडाळी

तिसऱ्यांदा ३० × ४० सेंमी लाटा, जाडी साधारण ३ मिमी. उरलेले ३० ग्रॅम बटर अगदी पातळ पसरा. ३० सेंमीची कड तुमच्यासमोर घ्या आणि तिथून अळुवडीसारखी घट्ट गुंडाळायला लागा. पहिला वेढा महत्त्वाचा. तिथे पोकळी राहिली तर पारीच्या तळाला बरोबर मधोमध भोक पडतं आणि कस्टर्ड त्यातून खाली गळतं. शेवटच्या कडेला पाण्याचं बोट फिरवून चिकटवा. ३० सेंमी लांब आणि चारेक सेंमी जाड गुंडाळी तयार होईल. प्लास्टिकमध्ये घट्ट लपेटून रात्रभर फ्रिजमध्ये.

तयार पफ शीट वापरणार असाल तर इथून सुरुवात करा. शीटला पाण्याचा हात लावा, घट्ट गुंडाळा, गार करा. शीट आडवं ठेवून वाटीनं गोल कापणं ही फार पसरलेली चूक आहे. तशा पारीचे पदर तळाशी फुगतात आणि कस्टर्डला वर ढकलून बाहेर सांडतात. वनस्पतीवर केलेली स्वस्त शीट चालेल, पण टाळूला मेणचट थर बसतो. मी घेत नाही.

पायरी ४: कस्टर्ड

हे सकाळी सगळ्यात आधी करा, कारण ते निवायला वेळ लागतो.

*पाक.* साखर, ९० मिली पाणी, दालचिनी आणि लिंबाची साल एकत्र गॅसवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत हलवा, उकळी आली की चमचा बाजूला. उकळत्या पाकात चमचा फिरवत राहिलात तर साखर परत दाणेदार होते. दोन-तीन मिनिटांत पाक तयार होतो. थर्मामीटर असेल तर १०४ अंशांवर उतरवा. नसेल तर थेंब ताटलीत घ्या, जरा निवू द्या आणि दोन बोटांत धरा. गुलाबजामच्या पाकापेक्षा चिकट, तार धरू पाहतो आणि लगेच तुटतो, असा हवा. पक्का एकतारी झाला तर पाणी दोन चमचे घालून एक उकळी काढा.

*दूध.* २५ ग्रॅम मैदा पाव कप गार दुधात कालवा, एकही गाठ नको. उरलेलं दूध उकळवा, मैद्याचं मिश्रण त्यात फेटत ओता आणि मंद आचेवर दोन मिनिटं शिजू द्या. कच्च्या मैद्याचा वास गेला पाहिजे. मैदाच पुढे बलकांना कडक आचेत फाटू देत नाही. तो कच्चा राहिला तर चवीत लगेच कळतं.

आता गरम पाक दुधात बारीक धारेनं, फेटत फेटत ओता. दालचिनी आणि साल त्यातच राहू द्या. भांडं उतरवा.

*बलक.* मिश्रण विरजण लावण्याइतकं कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून सुखानं दहा आकडे मोजता आले पाहिजेत. मगच फोडलेले बलक घाला, हलक्या हातानं मिसळा आणि बारीक गाळणीतून गाळून घ्या. जोरात फेटलं की फेस होतो आणि भाजल्यावर वर छिद्रं दिसतात.

खूण: कस्टर्ड पातळ असतं, ताज्या बासुंदीइतकं. हे पाहून लोक घाबरतात आणि परत गॅसवर ठेवून आटवतात. ठेवू नका. घट्ट ते ओव्हनमध्ये होणार आहे. बलक घातल्यावर गॅसचा आणि त्याचा संबंध संपला.

जपा: कस्टर्ड पूर्ण निवल्याशिवाय पारीत ओतायचं नाही. पहिल्या खेपेला मी ते ऊन ऊनच ओतलं. डोळ्यांदेखत पारीच्या कडेला बटरचे पिवळे थेंब आले, पाऱ्या साच्यात खाली बसल्या, आणि तळ असा निघाला की जणू उकडून काढला आहे. बारापैकी एकही वाचला नाही.

पायरी ५: ओव्हन लावा, मगच पाऱ्या करा

पाऱ्या करायच्या आधी ओव्हन सुरू करायचा. लिस्बनच्या बेकऱ्यांतल्या भट्ट्या आपल्या घरगुती ओव्हनपेक्षा पुष्कळ जास्त तापतात. आपला ओटीजी बहुधा २५० अंशांवर थांबतो. ही उणीव भरून काढायला आत एक जाड, बिनमुठीचा लोखंडी तवा ठेवा, जाळी वरून दुसऱ्या खाचेत लावा, दोन्ही रॉड चालू करा आणि २५० वर किमान ४० मिनिटं तापू द्या. दिवा दहा मिनिटांत विझतो, पण तेव्हा फक्त हवा तापलेली असते. तवा तापायचा असतो, कारण तळाला पहिल्या मिनिटापासून आच देणारा तोच.

वरच्या आचेचं महत्त्व गोव्याच्या लोकांना सांगावं लागत नाही. बेबिंकचा थर न् थर वरून निखारे ठेवून भाजायची रीत त्यांच्याकडे आहे. नाताचे डागही वरच्याच आचेचे.

पायरी ६: पाऱ्या

गुंडाळीची दोन्ही टोकं कापून टाका आणि धारदार सुरीनं सारखे १२ काप करा, प्रत्येकी सव्वादोन सेंमीच्या आसपास. सुरी एका झटक्यात खाली आणा. करवतीसारखी मागेपुढे केली तर पदर एकमेकांना चिकटतात. सहा काप बाहेर, सहा परत फ्रिजमध्ये.

काप साच्यात कापलेली बाजू वर करून ठेवा, चक्राकार वेढे तुम्हाला दिसले पाहिजेत. पाच मिनिटं थांबा. अंगठा गार पाण्यात बुडवा. चक्राच्या बरोबर मध्यावर दाबा, तळ टेकेपर्यंत. मग साचा दुसऱ्या हातानं फिरवत अंगठ्यानं पीठ बाजूंनी वर सरकवत न्या, उकडीच्या मोदकाची पारी वर आणतो तशीच चाल. तळ पातळ, जवळजवळ आरपार दिसेल इतका, आणि कड जाड. कड साच्याच्या काठाच्या दोन-तीन मिमी वर यायला हवी, कारण भाजताना ती थोडी खाली बसते. अंगठा कोरडा पडला, पीठ ओढू लागलं, की परत पाण्यात.

लाटणं इथे वापरायचं नाही. लाटलं की वेढे चेपले जातात. अंगठ्यानं ते वेढे न मोडता बाजूला पसरतात आणि भाजल्यावर कडेला वर्तुळाकार पदर सुटतात.

खूण: पारी उजेडासमोर तिरकी धरून तळाचा आणि बाजूचा कोन पाहा. तिथे पीठ साचलेलं असतं आणि टार्ट कच्चा राहतो तो बहुतेक वेळा तिथेच. अंगठ्याच्या कडेनं ते वर ढकला.

साचे २० मिनिटं फ्रिजमध्ये, नाहीतर १० मिनिटं फ्रीझरमध्ये.

पायरी ७: भरणं आणि भाजणं

गार पाऱ्या एका पातळ ट्रेमध्ये मांडा. निवलेलं कस्टर्ड एकदा ढवळा आणि पारीच्या तीन चतुर्थांशपर्यंत ओता. कडेपासून अर्धा सेंमी रिकामं ठेवा. कस्टर्ड सांडून साच्यात गेलं तर साखर जळून गोंदासारखी चिकटते आणि टार्ट तुकड्यांतच निघतो.

ट्रे तापलेल्या तव्यावर सरकवा. दार भरकन बंद करा. एका वेळी सहाच भाजा. बारा कोंबलेत तर ओव्हन एकदम गार होतो.

१४ ते १७ मिनिटं लागतात. परदेशी राहणाऱ्यांचा ओव्हन ५५० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण २८८ सेल्सिअसपर्यंत जात असेल तर ८ ते १० मिनिटांतच काम होतं, म्हणून सातव्या मिनिटापासून काचेशी उभे राहा. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर २००-२२० मध्ये पारी चांगली होते, पण डाग क्वचितच पडतात.

पहिली दहा मिनिटं दार उघडू नका. आत काय चाललंय ते काचेतून दिसतं. आधी पारीच्या कडा तुपात तळल्यासारख्या सळसळतात. मग कस्टर्ड कडेनं थरथरतं, मधोमध फुगून घुमटासारखं वर येतं. फुगवट्यावर एक तपकिरी ठिपका दिसतो, बघता बघता दोन-चार होतात आणि काळपट पडतात. ठिपके येत नसतील आणि कडा मात्र गडद झाल्या असतील तर शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड ठेवा.

खूण: कडा गडद सोनेरी, वर डाग, आणि ट्रे हलवल्यावर मध्य किंचित डुलतो. डुलायचं थांबेपर्यंत भाजलं तर कस्टर्ड दाणेदार होतं.

बाहेर काढल्यावर फुगवटा खाली बसतो. तो बसायलाच हवा.

दुसऱ्या खेपेआधी तव्याला परत दहा मिनिटं तापू द्या.

पायरी ८: साच्यातून काढणं

पाच मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर ठेवा. साच्यातच थंड होऊ दिले तर तळाला वाफ धरते आणि इतक्या कष्टानं केलेली पारी मऊ पडते. एक टार्ट उलटा करून पाहा: तळ तपकिरी आणि त्यावर चक्राचे वेढे स्पष्ट दिसले पाहिजेत. नखानं कडेला खरवडलं की कर्रकर्र आवाज यावा. तळ फिका असेल तर पुढच्या खेपेला तवा जास्त वेळ तापवा आणि जाळी एक खाच खाली घ्या.

कोमट असतानाच खा. लिस्बनमध्ये काउंटरपाशी उभं राहून, दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरून, सोबत बिका, म्हणजे तिथली छोटी कडक कॉफी, अशी पद्धत आहे. आपल्या कडक फिल्टर कॉफीबरोबरही छान लागतो.

बिनअंड्याचा नाता होतो का, हे हमखास विचारलं जातं. कस्टर्ड पावडरीचा टार्ट होतो आणि तो चांगलाही लागू शकतो, पण बलकाशिवाय ही चव आणि हे पोत येत नाही. त्याला नाता म्हणू नये असं माझं मत आहे.

पारी तीन-चार तासच कुरकुरीत राहते. उरलेले टार्ट बाहेर ठेवून त्याच दिवशी संपवा, खाताना २०० अंशांवर पाच मिनिटं तापवा. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेत तर पारी चामट होते. जास्त करून ठेवायचेच असतील तर कच्च्या पाऱ्या साच्यांसकट फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतात. गाळलेलं कस्टर्ड बरणीत दोन दिवस फ्रिजमध्ये राहतं. पाहुणे आले की ओव्हन लावायचा, पाऱ्या फ्रीझरमधून काढून तशाच गोठलेल्या भरायच्या, आणि भाजायला दोन मिनिटं जास्त धरायची.